हिरव्या रंगाखालची पाटी

प्राप्ती चौदा महिन्यांची झाली आणि तिने आजोबांची काठी उचलली.

काठी म्हणजे पेरूची हातभर फांदी. विहिरीवरच्या मोटरशेजारी, भिंतीला टेकून ठेवलेली. बाबा, म्हणजे माझे सासरे अंबाजी, रोज सकाळी वाडीत जायचे, बटण दाबायचे. मोटर नुसती गुरगुरायची. मग बाबा वाकून त्या काठीने मागच्या पंख्याला एक फटका द्यायचे. पंखा फिरला की मोटर पळायला लागायची आणि नारळ-सुपारीला पाणी सुटायचं. एकदा फटका उलट्या बाजूने बसला तर मोटर उलटीच पळाली आणि पाण्याचा थेंब आला नाही. त्या दिवसापासून फटका कुठून द्यायचा ते बाबांनी भिंतीवर खडूने बाण काढून दाखवलं होतं. दिवाळीपासून नागावच्या आमच्या वाडीत हे असंच चाललेलं. काठी आत जावी म्हणून पंख्यावरचं जाळीचं झाकण काढून टाकलं होतं.

प्राप्ती ती काठी घेऊन डुलत डुलत पंख्याकडे निघाली होती. मोटर बंद होती, हे खरं. पण चालू आणि बंद यातला फरक तिला कुठून कळणार? आणि पंखा बरोबर तिच्या हनुवटीच्या उंचीवर. मी धावले, तिला उचललं, तिने भोकाड पसरलं.

"काय झालं गं?" सासूबाई ओट्यावरून ओरडल्या.

"काही नाही, आई." मी तिची दहा बोटं मोजली. हसू नका, खरंच मोजली.

रात्री कुलदीपला, माझ्या नवऱ्याला, फोनवर सांगितलं. तो न्हावा शेव्याला कंटेनर यार्डात असतो, शनिवारी येतो. तो म्हणाला, "अगं, कपॅसिटर गेला असेल. साधी गोष्ट आहे. कुठलाही आणून लाव, सगळे सारखेच."

कपॅसिटर. बारावीला मी त्यावर दहा मार्कांचा प्रश्न सोडवला होता. क्यू इज इक्वल टू सीव्ही. पुढे बॉटनीत बीएस्सी केलं. पण तो कपॅसिटर विहिरीवरच्या मोटरच्या अंगाला चिकटलेला असतो आणि तो मेला की सासऱ्यांना काठी घ्यावी लागते, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी बाबांकडून समजलं की मोटरच्या पाठीवरच्या डबीत जे गंजलेलं नळकांडं आहे, तेच ते. त्याच्यावरची अक्षरं खाऱ्या वाऱ्याने कधीच खाल्ली होती.

"काढायचं कशाला?" बाबा म्हणाले. "काठीनं चालते ना? मग?"

"बाबा, प्राप्ती चालायला लागलीय."

"मग तिला वाडीत आणू नकोस."

वाडीत आणू नकोस! घराचं मागचं दार उघडलं की वाडी, आणि पुढचं दार उघडलं की पर्यटकांच्या गाड्यांचा रस्ता. मुलीला काय फळीवर ठेवू?

शेजारच्या गणराजचं होमस्टे आहे. त्याने ऐकलं आणि तासाभरात एक गुबगुबीत, चकचकीत कपॅसिटर घेऊन आला. "वहिनी, हा आमच्या जुन्या एसीतला. पन्नास मायक्रोफॅरडचा आहे. तुमच्या एवढ्याशा मोटरला लावला तर अशी उडेल ना!"

आणि उडालीच. बटण दाबल्याबरोबर मोटर दणक्यात सुरू झाली. काठीची गरज नाही, काही नाही. बाबांनी मान डोलावली. सासूबाईंनी गणराजला चहा विचारला. मी मात्र तिथेच उभी राहिले, कारण आवाज मला बरा वाटेना. बारीक, घट्ट, दात आवळल्यासारखा आवाज. दहा मिनिटांनी मी उलटा हात मोटरच्या अंगाला लावला. प्राप्तीच्या कपाळाला लावते तसा. लावला आणि लगेच काढला.

"गणराजभाऊ, ही तापलीय."

"अहो वहिनी, मोटर तापतेच. बाळ आहे का ते?"

"पण काल काठीने चालवली तेव्हा अर्धा तास झाला तरी हात ठेवता येत होता."

"तुम्ही तिच्यासाठी पण थर्मामीटर आणा," तो हसत म्हणाला, आणि सासूबाईही हसल्या. तेवढ्यात वार्निश जळल्यासारखा वास आला. हसणं थांबलं. बाबांनी बटण बंद केलं, पन्नासचा तो कपॅसिटर गणराजला परत दिला आणि काठी उचलून जागेवर ठेवली.

चौलच्या रस्त्यावर कमळाबाईंचं दुकान आहे, हे मला भाजीवालीने सांगितलं. "मोटरीची डॉक्टरीण," ती म्हणाली. मी जुना कपॅसिटर फडक्यात गुंडाळून प्राप्तीच्या लंगोटांच्या पिशवीत टाकला, मुलीला कडेवर घेतलं आणि शेअरची मिनीडोर रिक्षा पकडली.

दुकान म्हणजे पत्र्याची एक लांब खोली. भिंतीवर तांब्याच्या तारेची रिळं, खाली पोट उघडलेल्या मोटरी. मध्ये स्टुलावर साठीच्या एक बाई, नऊवारी नेसलेल्या, चष्म्याला दोरी, मांडीवर तांब्याच्या तारेचं वेटोळं. ओठ हलत होते. मी बोलायला तोंड उघडलं तर त्यांनी एक बोट वर केलं. मी थांबले. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "एकशे बारा. हां, बोल बाय."

त्या वेढे मोजत होत्या. नंतर त्यांनीच सांगितलं की लग्न झाल्यावर एका पंपाच्या कारखान्याचं काम घरी आणून त्या कॉइली गुंडाळायच्या. गावातल्या आठ-दहा बाया गुंडाळायच्या. बाकीच्यांनी सोडलं. "मला वाटलं, गुंडाळतो ती कॉइल मोटरच्या आत जाऊन करते काय ते तरी बघू. बघता बघता हितं बसले."

मी माझी तक्रार सांगितली. त्यांनी कपॅसिटर मागितलाच नाही. आधी विचारलं, "बटण दाबल्यावर गुरगुरते का गप ऱ्हाते?"

"गुरगुरते."

"काठी मारली की चालते?"

"हो."

"चालल्यावर पाणी नेहमीसारखं टाकते?"

"थोडं कमी टाकते, असं बाबा म्हणतात."

"मग कॉइल जित्ती हाय. कपॅसिटर गेला. आन बघू."

मी पिशवीत हात घातला. दुधाची बाटली, लंगोट, खुळखुळा, आणि मग ते फडकं. कमळाबाईंचे डोळे चष्म्यामागे मोठे झाले.

"ह्यो पोराच्या सामानात आनलास?"

"का?"

"बटण बंद केलं म्हंजे मोटर बंद. पर ह्याच्या पोटात करंट राहू शकतो. दोन टोकांना एकदम हात लागला तर असा झटका देतो!" त्यांनी एका होल्डरमध्ये बल्ब लावलेला होता, त्याच्या दोन तारा कपॅसिटरच्या टोकांना लावल्या. बल्ब लागला नाही. "मेलेला हाय म्हनून. नवा काढशील तवा आधी ह्यो बल्ब लाव, मग हात."

ज्या मुलीच्या बोटांसाठी मी हे सगळं करत होते, तिच्या खुळखुळ्याशेजारी मीच ते ठेवलं होतं. कमळाबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि शेजारच्या टोपलीतलं एक लाकडी रीळ प्राप्तीच्या हातात दिलं. "घे गं. ह्याच्यात काय न्हाय."

मग मीटर लावून त्यांनी कपॅसिटर मोजला. "सात दाखवतोय. आता मूळचा किती व्हता? लिवलेलं तर समदं गेलंय."

"गणराजने पन्नासचा लावला होता. मोटर तापली."

"तापनारच. तू बंद कवा केलीस?"

"दहा मिनिटांनी. हात लावून बघितला."

"उलटा हात?"

"हो."

त्या पहिल्यांदा हसल्या. "वाचवलीस मग मोटर. लोकांना वाटतं, मोठा कपॅसिटर म्हंजे जास्त जोर. जास्त जोर न्हाय, जास्त ताप. किती एचपीची हाय?"

"एक. म्हणजे बाबा एक म्हणतात."

"मग वीस-पंचवीसच्या आसपास."

"मग द्या ना पंचवीसचा."

त्यांनी मांडीवरचं वेटोळं बाजूला ठेवलं. "बाय, तुझ्या पोरीला ताप आला तर डॉक्टर काय करतो?"

"आधी वजन करतात."

"मग औषध आसपास देतो काय?"

प्राप्तीचं तापाचं औषध मी ड्रॉपरच्या रेघेवर धरून, उजेडाकडे डोळा लावून मोजते. एक थेंब वर गेला तर परत बाटलीत. या बाईंनी मला माझ्याच रेघेवर आणून उभं केलं होतं.

"एक एचपीच्या दोन कंपन्यांच्या दोन मोटरी, दोघींचा आकडा येगळा असू शकतो. कंपनीनं मोटरच्या पाटीवर लिवलेला असतो. व्होल्ट चारशे चाळीस लिवलेला घ्यायचा, त्याच्या खालचा न्हाय. वरचा चालंल. पर मायक्रोफॅरड लिवलाय तेवढाच. पाटी वाचून ये."

"पाटी दिसत नाही. हिरवा रंग आहे."

"दसऱ्याला रंगवता?"

"बाबा दर वर्षी रंगवतात. पूजा करतात."

कमळाबाई एवढ्या मोठ्याने हसल्या की प्राप्तीच्या हातातलं रीळ पडलं. "समदे रंगवतात! चौलपास्नं नागावपर्यंत एका मोटरीला नाव ऱ्हायलं न्हाय. हळद, कुंकू, वर ऑइलपेंट." त्यांनी मला एक पातळ कागद आणि जाड पेन्सिल दिली. "मेन स्विच बंद कर. पाटीवर कागद ठेवून घास. आकडे ठोकून काढलेले असत्यात, उमटतील. न्हाय उमटले तर रंग खरवडावा लागंल."

"पण तोपर्यंत पंचवीसचा…"

"मी अंदाजानं इकत न्हाय," त्या म्हणाल्या आणि परत एकपासून मोजायला लागल्या.

कागद घासून काहीच हाती आलं नाही. मी मेन स्विच बंद करून, प्राप्तीला सासूबाईंकडे देऊन, मोटरसमोर उकिडवी बसून पेन्सिल घासत होते आणि कागदावर नुसते ढग उमटत होते. कुंकवाच्या खपल्या, ब्रशचे ओघळ. एका कोपऱ्यात एचपी असावं असं काहीतरी. रंग खरवडल्याशिवाय इलाज नव्हता. मी स्वयंपाकघरातून जुनी सुरी आणली.

"काय करतेस?" बाबा मागे उभे होते.

सांगितलं. त्यांचा चेहरा बदलला. "वीस वर्षं हिच्या पाण्यावर वाडी उभी आहे. दर दसऱ्याला मी हिला माझ्या हातानं रंगवतो. आणि तू सुरीनं खरवडणार? देवाच्या टाकावरून कोण सुरी फिरवतं का?"

"बाबा, नंबर त्याच्याखाली आहे."

"नंबर नको. काठी आहे."

मी उठले. त्यांनी मेन स्विच लावला, बटण दाबलं, मोटर गुरगुरली, त्यांनी काठीचा फटका दिला. मोटर पळाली. आणि ते मागे वळले तर तिथे प्राप्ती उभी. सासूबाईंचा हात कधी सुटला होता कोण जाणे. तिच्या हातात नारळाच्या झापाची एक हीर, खराट्यात असते तशी लांब काडी, होती. आजोबांसारखीच थोडी वाकलेली, एक पाय पुढे, हीर बरोबर पंख्याच्या दिशेने, भिंतीवरच्या बाणाच्या बाजूने. मी तिच्यापर्यंत पोचायच्या आत बाबांनी तिला एका हाताने उचललं, दुसऱ्या हाताने बटण बंद केलं.

"हे हिला कुणी शिकवलं?" त्यांनी मला विचारलं. रागाने नाही. खरंच विचारलं.

"तुम्हीच, बाबा."

प्राप्ती त्यांच्या खांद्यावर हीर आपटत होती. मग त्यांनी तिला माझ्याकडे दिलं, मेन स्विच पाडला आणि म्हणाले, "सुरी नको. पाटीला चरे पडतील." मग सासूबाईंकडे वळून, "गोदू, रॉकेलची बाटली आहे का गं कुठे? आणि फडकं दे."

दुसऱ्या कुणालाही त्यांनी हात लावू दिला नाही. फडकं भिजवून पाटीवर ठेवायचं, थोडं थांबायचं, मग बोथट लाकडी चमच्याने कडेकडेने रंग उचलायचा. जखमेची पट्टी काढावी तसं. मी बघत राहिले. माझे सासरे हट्टी आहेत, हे मला लग्नाच्या आठवड्यात कळलं होतं. त्यांचा हात इतका हलका आहे, हे त्या संध्याकाळी कळलं. हिरव्याखाली निळा निघाला. "निसर्ग वादळाच्या वर्षी हिरवा मिळाला नव्हता," बाबा म्हणाले. निळ्याखाली पुन्हा हिरवा. त्याखाली एक लाल पापुद्रा. "हा कुलदीपनं लावलेला. दहावीत होता. मी नको म्हटलं होतं लाल."

"मला म्हणाला, बाबांनीच सांगितला," सासूबाई म्हणाल्या.

सगळ्यात खाली पत्रा चमकला. मी कागद ठेवून पेन्सिल घासली आणि या खेपेला एकेक आकडा काळ्यातून पांढरा वर आला. एक एचपी. आणि खालच्या ओळीत: वीस मायक्रोफॅरड, चारशे चाळीस व्होल्ट.

पंचवीस नाही. वीस.

दुसऱ्या दिवशी कमळाबाईंनी तो कागद उजेडात धरून दोनदा वाचला. "बघ. मी अंदाजानं पंचवीसच दिला असता."

"मग काय झालं असतं?"

"चाललीबी असती. थोडी गरम ऱ्हायली असती, तू रोज उलटा हात लावला असतास. आन दोन-चार वर्सांनी कॉइल माझ्याकडंच आली असती." त्या डोळे मिचकावून म्हणाल्या, "माझंच गिऱ्हाईक मी घालवलं."

मग त्यांनी खणातून वीसचे चार कपॅसिटर काढले. मला वाटलं, आता देतील एक. नाही. पत्र्याच्या डब्याचा होता तो आधीच बाजूला. "खारा वारा ह्याला खातो. तुमच्याकडं प्लास्टिकचाच." मग तिघांना मीटर लावला. एक साडेअठराच दाखवत होता. "नवा कोरा आन एवढा उतरलेला. ह्यो परत जानार." उरलेल्या दोघांतला एक एकोणीस पॉइंट आठ, दुसरा वीस पॉइंट एक. त्यांनी दुसरा घेतला, हलवून कानाशी धरला, टोकं नखाने ओढून बघितली आणि मग कुठे माझ्या हातात दिला. एवढ्या निवडीने मी प्राप्तीच्या बालवाडीची चौकशीही केली नव्हती.

"कागद मला ठेवतेस?" त्यांनी विचारलं.

खणाखालून एक जाडजूड वही निघाली. पानापानावर पेन्सिलीने घासलेले काळे चौकोन चिकटवलेले. कुणाची विहीर, कुठल्या शाळेची टाकी, कुठली पिठाची गिरण. काही पाट्यांचे अर्धेच आकडे आलेले, तिथे त्यांनी बाजूला लिहिलं होतं, "परत जाऊन बघणे." आणि त्याखाली वेगळ्या शाईत, पुढच्या कधीतरी, उरलेला आकडा. अक्षर पाचवी-सहावीतल्या मुलीचं, गोल आणि मोठं.

"लोक रंगवायचे थांबनार न्हायत," त्या म्हणाल्या. "आन थांबू पन नये. ज्याच्यावर घर चालतं त्याला हळदकुंकू लावलं तर काय वाईट? म्हनून मी लिवून ठेवते." माझा कागद चिकटवून त्यांनी खाली लिहिलं: अंबाजी, नागाव, वाडीतली विहीर. मग थांबून माझं नाव विचारलं आणि कंसात घातलं: मृणालनं घासून आणला.

माझ्या पदवीच्या कागदावरही माझं नाव आहे. पण या वहीतलं मला जास्त दिवस आठवत राहिलं.

कपॅसिटर बाबांनी आणि मी मिळून बसवला. त्यांनी स्क्रू फिरवले, मी टॉर्च धरला आणि मेन स्विच बंद आहे ना ते तीनदा बघून आले. तिसऱ्यांदा माझ्यामागून बाबाही एकदा बघून आले. मग बटण. मोटर गुरगुरली नाही, किंचाळली नाही. सुरू झाली, एवढंच. पाइपातून पाणी आलं ते नेहमीपेक्षा जाड. दहा मिनिटांनी मी उलटा हात लावला. अर्ध्या तासाने पुन्हा. झोपेतून उठलेल्या मुलीच्या पाठीएवढी ऊब होती, जास्त नाही.

"आता झाकण," मी म्हणाले.

झाकण कुठे होतं? दिवाळीपासून ते सासूबाईंनी मिरचीच्या रोपांवर पालथं घातलं होतं, कोंबड्यांपासून वाचवायला. "माझ्या मिरच्या जातील," त्या म्हणाल्या.

"गोदू," बाबा म्हणाले, "मिरच्या परत लावू."

चार स्क्रूंपैकी तीन सापडले. चौथा बाबांनी सायकलच्या दुकानातून आणून बसवला, त्याशिवाय त्यांनी कुणाला तिथून हलू दिलं नाही. पेरूची काठी त्यांनी वालाच्या वेलाला आधार म्हणून रोवली. भिंतीवरचा खडूचा बाण तेवढा राहिला. तो पुसायला कुणी गेलं नाही. यंदाच्या दसऱ्याला बाबांनी मोटर पुन्हा हिरवीगार केली, पण आधी पाटीवर चिकटपट्टी लावून, आणि कुंकवाचं बोट पाटीच्या बाजूला टेकवून.

पण ते नंतरचं. त्या दिवशी मोटर चालू असतानाच प्राप्ती तिची हीर घेऊन निघाली. वाकली, एक पाय पुढे टाकला आणि फटका दिला. हीर जाळीवर वाजली. तिने पुन्हा मारली. पुन्हा वाजली. तिला तो आवाज आवडला असावा, कारण ती हसायला लागली आणि मागे वळून मी बघतेय का ते बघू लागली.

मी बघत होते. दहा पावलांवर, विहिरीच्या पायरीवर बसून. पाय एकदा उठायला निघाले होते, मी त्यांना खाली ठेवलं.